मास्तरांचे नऊ ग्रीन

सोमवारी आमचे हे अर्ध्या ताटावरून उठले. मी विचारलं, "मीठ जास्त झालंय का?" तर म्हणाले, "नाही." "मग काय, करपलंय?" "नाही गं. भूक नाही." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून "भूक नाही" हे शब्द मी दोनदाच ऐकले होते. एकदा ह्यांची दाढ काढली तेव्हा, आणि एकदा आमचे मोठे दीर गेले तेव्हा. उरलेल्या दाढा तर जागच्या जागी होत्या. तेव्हा मला जी धास्ती बसली ती शनिवारपर्यंत काही गेली नाही.

हे गोल्फच्या मैदानावर गवत सांभाळतात. कोणाला सांगितलं की लोक म्हणतात, "अच्छा, म्हणजे माळी." ते ह्यांना मुळीच चालत नाही. माळी फुलं लावतो, मी गवत वाढवतो, असं ठणकावून सांगतात. मैदानाला नऊ होल आहेत, म्हणजे चेंडू घालायची भोकं; तिथवरच्या लांब पट्ट्यालाही होलच म्हणतात. प्रत्येक होलाभोवती गवताचा एक मोठा गोल तुकडा असतो, इतका बारीक कापलेला की त्यावर वाटाणा सोडला तर घरंगळत जाईल. त्याला म्हणायचं ग्रीन. बाकीचं मैदान, झाडं, तळं, वाळूचे खड्डे, सगळं दुय्यम. ह्यांचा जीव त्या नऊ ग्रीनमध्ये. सव्वीस वर्षं झाली. एखादी बाई टाचांचे बूट घालून ग्रीनवर चढली तर हे लांबून असे ओरडत येतात की ती जागच्या जागी बूट काढते. म्हणून तिथे सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. शाळेत ह्यांनी जेमतेम दहा वर्षं काढली, तीही मागच्या बाकावर.

तर तो आठवडा. मंगळवारी हे बोलले नाहीत. बुधवारी चहा गार करून प्यायले. गुरुवारी मी कपडे धुण्याच्या निमित्ताने ह्यांच्या सगळ्या पँटींचे खिसे उलटे केले, कुठे डॉक्टरची चिठ्ठी सापडते का म्हणून. एक रुमाल, दोन स्क्रू आणि सर्दीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, एवढंच निघालं. आमचे मोठे दीर असेच गप्प झाले होते. महिनाभर जाऊबाईंना काही सांगितलं नाही आणि नंतर तीन महिन्यांत खेळ आटोपला. भाऊ भावाच्या वळणावर जातो, हे मला माहीत होतं. सरळ विचारायचं, तर जीभ रेटेना. मी एरवी अशी गप्प बसणारी नाही, अख्ख्या इमारतीला विचारा. पण विचारलं आणि ह्यांनी खरंच सांगितलं तर?

शनिवारी क्लबात कामगारांचा दिवस होता. वर्षातून एकदा सभासद बाजूला राहतात आणि मशीन चालवणारे, भांडी घासणारे, बिलं फाडणारे, सगळे मैदानावर खेळतात. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. ह्या वर्षी आणखी एक नियम केला होता. प्रत्येक खेळाडूची काठ्यांची, चाकं लावलेली पिशवी त्याच्या घरच्या माणसाने ओढायची. मी तिथे दरवर्षी जेवायला जायची, पण मैदानात पाऊल कधी टाकलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या गवताचे डाग घासून काढले आणि गवत पाहिलं नाही, असा माझा हिशेब.

ह्यांच्या नावाला चिठ्ठी निघाली ती नेमकी सेक्रेटरीबाईंची. क्लबचा सगळा कारभार त्यांच्या हातात. साठीच्या, ताठ, आणि आवाज असा की भुंकणारी कुत्री गप्प बसतात. चिठ्ठी वाचली आणि ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणाले, "सर्दी आहे मला, मी खेळत नाही." बाई म्हणाल्या, "मास्तर, उगाच नखरे करू नका. चला." बाईंपुढे कोणाचं काय चालतंय! स्वतःची पिशवी त्यांनी स्वतःच घेतली, मला एक कार्ड आणि बोटभर पेन्सिल दिली आणि फटके मोजायला सांगितले; ज्याचे कमी तो जिंकला.

पहिला होल लांबच लांब आणि सरळ, दोन्ही बाजूंना निलगिरी. बाईंचा चेंडू मधोमध जाऊन बसला. ह्यांचा उजवीकडे झाडांत शिरला. आम्ही दोघं तो शोधायला गेलो. मी काठीने पाचोळा ढोसत होते आणि हे चेंडू सोडून लांब ग्रीनकडे मान करून उभे. चेहरा पांढराफटक. तिथे माझा धीर सुटला.

"अहो, आता सांगूनच टाका," मी म्हटलं. "कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात?"

"डॉक्टरकडे? मी?"

"लपवू नका. दादांनीही असंच लपवलं होतं."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय. मग इकडे तिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, मी ग्रीन मारलेत."

"काय मारलंय?"

"ग्रीन. बहुतेक दोन. तीनही असतील. कुठले ते मला माहीत नाही."

मग त्या पाचोळ्यात उभं राहून ह्यांनी सगळं सांगितलं. मागच्या शनिवारी ग्रीनला पातळ खत फवारायचं होतं. पाठीवरच्या पंपात एका वेळी एकाच ग्रीनपुरतं मावतं, म्हणून दर वेळी स्टोअरमध्ये यायचं, कॅनमधून एक मग खत घ्यायचं, पाणी भरायचं आणि पुढच्या ग्रीनवर जायचं. असं नऊ वेळा. खताचा कॅन निळा. गवत मुळासकट मारायचं औषध असतं, रस्त्याकडेचं तण घालवायला, त्याचाही कॅन निळाच, तेवढाच. खत डावीकडे आणि औषध उजवीकडे, अशी सव्वीस वर्षांची मांडणी. पण महिन्यापूर्वी स्टोअरला रंग दिला आणि रंगाऱ्याने सगळं कसंही परत ठेवलं.

"मग त्यावर लिहिलेलं नसतं का?" मी विचारलं.

"असतं."

"मग वाचायचं!"

ह्यांनी बुटाने पाचोळा उकरला. मग म्हणाले, "मी वासावर ओळखतो. खताला सडक्या मासळीचा वास येतो. औषधाला येत नाही. आणि त्या दिवशी नाक चोंदलेलं."

रविवार सुट्टीचा. सोमवारी सकाळी नाक मोकळं झाल्यावर स्टोअरमध्ये गेले, वास घेतला, तर औषधाचा कॅन चार बोटं रिकामा. तो महिनाभर कोणी उघडला नव्हता, गळ्यापर्यंत भरलेला होता. त्या फळीला ह्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही. लावायची कोणाची टाप नाही. म्हणजे ते औषध गेलं कुठे? ग्रीनवर. आणि हे औषध असं पाजी की थंडीच्या दिवसांत पाच दिवस काही दिसतच नाही. उलट गवत खुशाल हिरवंगार राहतं. सहाव्या-सातव्या दिवशी पातीची टोकं पिवळी पडायला लागतात, आणि मग काही म्हणता काही करता येत नाही.

"काल सहावा दिवस होता ना? काय दिसलं काल?" मी विचारलं.

"काल मी ग्रीनवर गेलोच नाही. मशीनवरच्या पोरांना कापायला पाठवलं आणि मी आपला मागच्या कुंपणापाशी बसलो. धीरच झाला नाही."

आणि मी हसले. काय करू, हसूच आलं! आठवडाभर मी ह्यांच्या पश्चात कसं करायचं, मुलीला कधी बोलवायचं, इथपर्यंत मनाने जाऊन आले होते. आणि हा माणूस धडधाकट माझ्यासमोर उभा, आणि काय तर म्हणे गवत. मी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एवढंच ना?" मी म्हटलं. "गवतच ना?"

"गवतच," हे म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले.

ते "गवतच" मला चांगलंच लागलं. जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. तेवढ्यात बाईंनी लांबून हाक मारली, "सापडला का चेंडू?" चेंडू माझ्याच पायाशी होता. मी मागून ओरडले, "सापडला हो!" आणि पिशवी ओढत ह्यांच्या मागे धावले.

पहिल्या ग्रीनवर हे पोचले आणि थेट गुडघ्यावर बसले. मग हात टेकले. मग गाल गवताला लावला आणि एक डोळा मिटून पार पलीकडच्या काठापर्यंतच्या पातींकडे बघत राहिले. मला कळत होतं काय चाललंय. बाईंना काय कळणार! त्या माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "शू. मास्तर उतार बघतायत. चेंडू कसा वळेल ते. असं बघायला पाहिजे प्रत्येकाने." मी मान डोलावली. हे उठले, माझ्याकडे पाहिलं आणि पापणी किंचित हलवली. हिरवा. मग काठी घेतली आणि न बघता चेंडूला टोला दिला, तो गुमान गेला आणि होलात पडला. बाई म्हणाल्या, "बघितलंत?"

दुसऱ्याला ओढ्यावरचा लाकडी पूल होता. ह्यांनी एक चेंडू ओढ्याला वाहिला. दुसरा घेतला. ग्रीनवर पुन्हा तेच, गुडघे, हात, गाल. पुन्हा पापणी. पुन्हा चेंडू होलात. तिसरा होल डावीकडे वळतो, कोपऱ्यावर सुरूची झाडं एकाला एक लागून उभी आहेत, आणि खाली वाळूचा खड्डा. त्या खड्ड्यात ह्यांनी सहा फटके घालवले. वाळू उडवली, चेंडू हलला नाही. मी पेन्सिलीने इमानदारीत सहा रेघा मारल्या. बाई हसायला लागल्या, "अहो मास्तर, हा खड्डा तुम्हीच खणलाय ना!" तर हे म्हणाले, "म्हणून तर निघत नाही. चांगला खणलाय." आठवड्यातला तो ह्यांचा पहिला विनोद. माझा जीव अर्धा तरी भांड्यात पडला.

मी चालता चालता मोजत होते. तीन झाले, सहा राहिले. आधी मी ह्यांच्यासाठी मोजत होते. चौथ्यापाशी कधीतरी मी स्वतःसाठी मोजायला लागले. त्याला कारण ते मैदान. चौथ्या होलाच्या उंचवट्यावर चढलं की सगळं एका नजरेत येतं. उन्हं नुकती वर आली होती, दव अजून होतं, तळ्यावर पांढरी पाखरं, आणि हिरवा रंग तरी किती तऱ्हेचा! उंच गवताचा काळपट, मधल्या पट्ट्यांचा फिका-गडद, आणि ते ग्रीन, नुसते उजळ. मी म्हटलं, "अहो, हे सगळं तुम्ही केलंत?" हे म्हणाले, "झाडं आधीची आहेत." बस, एवढंच. बाकीचं आपलं, असं म्हणायची ह्यांची ही रीत.

चौथा हिरवा. पाचवाही.

सहाव्यावर मात्र अडलो. ग्रीनच्या कडेशी एक पिवळा ठिपका होता, तळहाताएवढा. त्याच्या पलीकडे आणखी एक. हे दहा पावलांवर थबकले. माझा दंड धरला, बोटं रुतली. "बघ," म्हणाले. "आला." आवाज ह्यांचा नव्हताच. बाई लांब होत्या, स्वतःचा चेंडू हुडकत. मी ह्यांना म्हटलं, "थांबा इथेच," आणि पुढे झाले. वाकून बघते तर काय, पानं! झाडाची पिकलेली पानं, दवाने गवताला चिकटलेली. मी दोन्ही उचलली आणि ह्यांच्या हातावर ठेवली.

"हे घ्या तुमचं मेलेलं गवत," मी म्हटलं.

हे पानांकडे बघत राहिले. मग एक पान डोळ्यांजवळ आणलं, मग हात लांब केला, मग पुन्हा जवळ. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वासावर ओळखतात म्हणे!

"अहो, तुम्हाला दिसत नाही," मी म्हटलं.

"दिसतं. लांबचं सगळं दिसतं."

"आणि जवळचं? कॅनवरचं?"

"ते जरा बारीक छापतात हल्ली."

मी तिथेच ह्यांची जी हजेरी घेतली, ती बाई ऐकतील म्हणून दबक्या आवाजात घ्यावी लागली आणि त्यामुळे जास्त लागली असावी. चष्मा लावला असता तर आकाश कोसळणार होतं का? म्हातारे दिसाल म्हणून? आहातच की म्हातारे! आठ दिवस माझा जीव टांगणीला लावलात आणि कशापायी, तर नाकावर काच नको म्हणून! हे खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "ग्रीन बघू दे आधी. मग बोल." आणि गुडघ्यावर बसले. सहावा हिरवा होता.

सातव्याला चेंडू तळ्यावरून मारायचा असतो. बाईंसारख्या बाईंचा चेंडू डुबुक करून तळ्यात गेला. ह्यांचा मात्र वर गेला, वरच राहिला आणि पलीकडे ग्रीनवर अलगद उतरला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र फटका मारून झाल्यावर चेंडूकडे बघतच नव्हते, चेंडू उतरला त्या गवताकडे बघत होते. सातवाही हिरवा. आता दोन राहिले होते, आणि मारलेले होते दोन किंवा तीन. ह्यांचं गणित मला ऐकू येत होतं. जे सात वाचले ते वाचले, म्हणजे मेलेत ते हेच दोन.

आठव्याकडे जाताना हे माझ्या बाजूने चालत होते. बाई पुढे होत्या. एकाएकी म्हणाले, "हा मी हातांनी लावलाय. मशीनने नाही. चटया आणल्या होत्या गवताच्या, एकेक करून मांडल्या. त्या उन्हाळ्यात पाइप फुटला होता. तळ्यावरून बादल्या आणायचो, दोन महिने."

"कुठल्या उन्हाळ्यात?" मी विचारलं, पण मला आठवलं. आमची मुलगी झाली तो उन्हाळा. मी बाळंतीण आणि हे अंधारून आल्यावर घरी यायचे, चिखलाने माखलेले, आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले की मी म्हणायची, लावू नका, हात आधी धुवा. हात धुऊन येईपर्यंत ती झोपलेली असायची. वर्षानुवर्षं मी त्यावरून ह्यांना बोलले. दोन महिने बाप घरी नव्हता, असं मुलीलाही सांगितलं. बादल्यांचं ह्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आठव्या ग्रीनपाशी आलो आणि हे काठावरच उभे राहिले. "जा ना," मी म्हटलं. हे हलेनात. म्हणाले, "तू बघ." मी पिशवी खाली टाकली आणि गेले. गुडघ्यावर बसले, साडीचा विचार केला नाही. हात टेकले, गाल लावला. गवत गार होतं, ओलं, इतकं दाट की बोट शिरत नव्हतं. मी एकेक पात बघितली. खरंच बघितली, टोकापर्यंत. मला चष्मा आहे आणि मी तो लावते. एकही टोक पिवळं नव्हतं. मला रडूच कोसळलं. सकाळी ज्याला मी "गवतच ना" म्हटलं होतं, त्याला मी गाल लावून बसले होते आणि म्हणत होते, बाबा रे, जग.

मी मान वर केली आणि ह्यांच्याकडे बघून पापणी हलवली. बाई मागून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हीपण उतार बघायला शिकलात की!"

नववा होल चढाचा. वर क्लबची इमारत, पुढे ओटा, आणि खेळून झालेली मंडळी सरबताचे ग्लास घेऊन बघत बसलेली. हे चढ चढले ते धापा टाकत. ग्रीनवर गेले आणि सगळ्यांच्या देखत खाली बसले. ओट्यावरून कोणीतरी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, "मास्तर, झोपू नका!" हे उठेनात. हात टेकलेले, कपाळ गवताला. एक मिनिट गेलं असेल. मग पाठ हलायला लागली. मी धावले. वाटलं, गेला बाई हाही. जवळ जाऊन बघते तर हे रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम.

"हिरवा?" मी विचारलं.

"सगळे," हे म्हणाले. "सगळे नऊ."

मग उठले आणि शेवटचा टोला मारला. चेंडू होलाच्या बाजूने जो सुटला तो ग्रीन ओलांडून पार उताराला लागला, आणि हे इतके मोठ्याने हसले की ओट्यावरचे सगळे हसायला लागले. कार्डावर किती रेघा झाल्या ते मी कोणाला सांगितलं नाही. आमचा नंबर शेवटून तिसरा आला.

जेवायला बसायच्या आधी हे म्हणाले, "बाईंना सांगून येतो."

"काय सांगून येता?" मी म्हटलं. "काही मेलेलं नाही. गप बसा आणि जेवा."

"आज नाही मेलं. पुढच्या वेळी? मला अक्षरं दिसत नाहीत, हे तुला कळलं. त्यांना कळायला नको?"

मला पटलं नाही, पण मी बरोबर गेले. बाई ओट्याच्या टोकाला बाकावर बसून बूट काढत होत्या. ह्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खत, औषध, सर्दी, चष्मा, चार बोटं. काही लपवलं नाही. बाईंनी दुसरा बूट काढलाच नाही, तसाच पायात ठेवून ऐकत राहिल्या.

"म्हणजे आज सकाळपासून तुम्ही उतार बघत नव्हतात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटले!" त्यांनी कपाळाला हात लावला. मग एकदम कडक झाल्या. "मास्तर, मी ओरडायला हवं तुमच्यावर. सोमवारी चष्मा लावल्याशिवाय स्टोअरमध्ये पाय टाकायचा नाही. औषधाच्या कॅनला लाल रंग. आणि सर्दी झाली तर फवारणी दुसऱ्याने करायची." हे प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. मग बाई थांबल्या. "पण ग्रीन जर सगळे जिवंत आहेत, तर औषध गेलं कुठे?"

ह्याचा आम्ही दोघांनी विचारच केला नव्हता. हे म्हणाले, "त्या फळीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

शेजारच्या टेबलावर मशीनं दुरुस्त करणारा मेकॅनिक ताट घेऊन बसला होता. त्याने घास खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. चांगला चाळिशीचा बाप्या, पण शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून.

"मास्तर, मी लावला," तो म्हणाला.

"काय लावला?"

"हात. रविवारी. बाईंनी पार्किंगमधलं तण काढायला सांगितलं होतं, कामगारांच्या दिवसासाठी. म्हटलं, दुप्पट कडक औषध मारलं की झालं. तुम्ही सुट्टीवर होतात."

बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू खुरपं घेशील."

"मग सांगितलं का नाहीस मला?" हे गरजले. बऱ्याच दिवसांनी मास्तरांचा आवाज आला.

"सांगणार होतो! सोमवारी स्टोअरच्या दारापर्यंत आलो होतो. तुमचा चेहरा बघितला आणि म्हटलं, ह्यांना कळलंय. आता माझं काही खरं नाही. तेव्हापासून तुम्हाला चुकवत फिरतोय."

बाईंनी एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे हा तुम्हाला घाबरून गप्प, आणि तुम्ही मला घाबरून गप्प," त्या म्हणाल्या. ह्या दोघांवर ताण करून आठवडाभर गप्प बसलेली मी तिथेच उभी होते.

मग हे जेवले. किती जेवले ते मी मोजलं नाही, पण वाढणारा दोनदा हसला.

घरी निघालो तेव्हा ऊन खाली उतरलं होतं. पार्किंगला लाल विटा बसवलेल्या आहेत आणि त्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं तण उगवतं. हे स्कूटरकडे चालत होते ते मधेच थांबले आणि खाली बघायला लागले. मीही बघितलं. एकूण एक फट पिवळी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं वाळून कोळ झालेलं. सकाळी आम्ही ह्यावरूनच चालत गेलो होतो. तेव्हा हे पहिल्या ग्रीनकडे बघत होते, आणि मी ह्यांच्याकडे.

हे विटांवर बसले. एक काडी उपटली. ती मुळासकट हातात आली, हलकी, कोरडी. ह्यांनी ती लांब धरून नीट निरखली, मग मला दाखवली.

"अगं बघ तरी," हे म्हणाले. "किती छान मेलंय!"

मी ह्यांच्या शेजारी बसले आणि चष्मा पुसून बघितलं.

"हो," मी म्हटलं. "अगदी मुळापासून."